जुन्या कॉम्प्रेसरची टाकी : गंज बघायचा कसा, काढायचा कसा, आणि टाकी सोडून कधी द्यायची

हवेचा पहिला कॉम्प्रेसर मी पुण्याच्या जुन्या बाजारात बघितला होता, घेतला मात्र एका बंद पडलेल्या गॅरेजमधून. दीडशे लिटरची आडवी टाकी, दोन सिलिंडरचं हेड (म्हणजे हवा दाबणारा पंप), निळा रंग नुकताच मारलेला. मालकाने बटण दाबलं, काटा आठ किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो दाबावर) गेला, मशीन आपोआप बंद झालं. मी पैसे मोजले. तिसऱ्या आठवड्यात टाकीच्या पायाजवळ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून शिट्टी वाजायला लागली. हातोडीच्या मागच्या टोकाने तिथला रंग खरवडला, तर रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली पत्राच नव्हता.

ती शिट्टी माझं नशीब होतं. शंभर लिटरची टाकी आठ किलोला भरली की तिच्यात साधारण एक लाख ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे एक टनाची गाडी तीन मजले वर उचलायला लागेल तेवढी. टाकी भोकातून फुसफुसली तर हवा हळूहळू जाते. शिवणीवर किंवा झिजलेल्या पट्ट्यावर फाटली तर ही सगळी ऊर्जा एका क्षणात बाहेर येते. कुठली टाकी यातलं काय करेल ते बाहेरून कळत नाही. म्हणून नवीन माणसाला माझं सांगणं असतं की गंज कसा काढायचा हा प्रश्न नंतरचा, आधी लोखंड किती उरलंय ते मोज. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम त्यावरच ठरलाय.

पाणी येतं कुठून

टाकीत कोणी पाणी ओतत नाही, ते हवेतून येतं. 30 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते. पावसाळी दिवशी समजा 21 ग्रॅम आहे. आठ किलोला (बाहेरच्या हवेचा एक किलो धरून) नऊ घनमीटर हवा एका घनमीटरात दाबली जाते, पण त्या एका घनमीटरात वाफ मावणार 30 ग्रॅमच. बाकीचं टाकी थंड होताना पाणी होऊन तळाला बसतं. तासाला 17 घनमीटर हवा ओढणारं, म्हणजे बाजारात ज्याला दहा सीएफएम म्हणतात तसं मशीन अशा दिवशी तासाभर चाललं, तर हिशेबाने 300 मिलीच्या आसपास पाणी सुटतं. त्यातलं थोडं पाइपातून पुढे जातं आणि रंगाच्या कामावर फोड आणतं, उरलेलं टाकीत राहतं.

त्यामुळे आडव्या टाकीत गंज सगळीकडे सारखा नसतो. वरचा अर्धा भाग वर्षानुवर्षं धडधाकट राहतो, आणि तळाला चार बोटं रुंदीचा, टोकापासून टोकापर्यंत जाणारा एक पट्टा खलास होतो. उभ्या टाकीत खालचं बशीसारखं झाकण आणि त्याची शिवण जाते. गंमत म्हणजे तेल खाणारं, रिंगा गेलेलं जुनं हेड टाकीला थोडं वाचवतं, कारण त्या तेलाचा पातळ थर आत बसतो. ऑइल-फ्री मशीनच्या टाकीला हे कवच नसतं. ‘ऑइल-फ्री आहे, आतून स्वच्छ असणार’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि टॉर्च काढा.

पायरी 1 : विकणाऱ्याच्या दारात

फोनवरच सांगून ठेवा की मशीन थंड आणि रिकामं ठेवा, मी आल्यावर चालू करू. बरेचजण तुम्ही पोचायच्या आधीच टाकी भरून ठेवतात आणि फुरफुर हवा सोडून दाखवतात. आठ किलो भरतोय याचा अर्थ एवढाच की आज भरतोय.

खिशात टॉर्च, छोटा आरसा, चुंबक, पारदर्शक बाटली आणि मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा. हा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि पहिल्याच सौद्यात वसूल होतो. जाडीला 8 मिलिमीटरच्या आतला घ्या, नाहीतर छोट्या प्लगच्या भोकातून जाणार नाही.

आधी सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून धरा, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत. काटा शून्यावर आहे म्हणून टाकी रिकामी समजू नका, जुन्या मशीनचे गेज अडकलेले असतात. मग खालचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, उघडा आणि जे येईल ते बाटलीत धरा. निवळ किंवा दुधाळ पाणी आलं तर ठीक, दुधाळपणा तेलाचा असतो. चहाच्या रंगाचं आलं तर पुढे तपासायचं. लाल गाळ आणि नखाएवढे पापुद्रे आले तर निम्मा निर्णय तिथेच झाला. काहीच आलं नाही आणि कॉक फिरतच नसेल तर सगळ्यात वाईट. याचा अर्थ पाणी कित्येक महिने काढलेलं नाही.

आता खाली बसा, गुडघे मळू द्या. तळाच्या रेषेवर, पायांच्या वेल्डिंगभोवती, चाकांच्या दांड्यापाशी आरसा फिरवा. सगळी टाकी जुनी आणि तळ तेवढा ताज्या रंगाचा, असं दिसलं तर कारण विचारा. तिथे चुंबक लावत जा. पत्र्यावर तो खटकन बसतो. पुट्टी किंवा एम-सील भरलेल्या जागी घसरतो. माझ्या त्या निळ्या टाकीवर पाच रुपयांचं चुंबक फिरवलं असतं तर हा लेख लिहायला दुसरं काहीतरी निमित्त शोधावं लागलं असतं.

पाटी वाचा. कामाचा दाब, टेस्टचा दाब, लिटर आणि साल त्यावर ठोकलेलं असतं. पाटी नसेल, किंवा पाटीच्या जागी नुसती चार रिव्हेटची भोकं असतील, तर मी पुढे जात नाही.

पायरी 2 : आत डोकावणं

बाजूचा किंवा टोकाचा सगळ्यात मोठा प्लग काढा. मोठा पाइप पाना लागेल, आणि आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवलेला बरा. प्लग निघाला की त्याचे आटेही बघून घ्या. आटे खाल्लेले असतील तर टेफ्लॉन टेपचे वीस वेढे देऊन ते परत उगवत नाहीत.

कॅमेरा आत घालून हळूहळू तळाकडे वळवा. सहसा तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे सगळीकडे सारखी, मखमलीसारखी तपकिरी पूड. ही बहुतेक प्रत्येक जुन्या टाकीत असते, तिला घाबरू नका. दुसरा, पापडासारखे सुटलेले पोपडे. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो, त्यामुळे पोपडा दिसतो त्याहून कमी लोखंड गेलेलं असतं. पण त्याखाली काय आहे ते साफ केल्याशिवाय समजत नाही. तिसरा प्रकार देवीच्या व्रणांसारखे खड्डे. पोपडे निघून गेलेत आणि पत्र्यावर खोल टिंबं उरलीत. टाकी फुटते ती या खड्ड्यांमुळे. एखाददुसरा उथळ खड्डा असेल तर मोजून ठरवा. तळाच्या रेषेवर खड्ड्यांची माळच असेल तर मोजायचा खर्चही करू नका.

जुने मिस्त्री हातोडीने ठोकून बघतात. रिकाम्या टाकीवर छोट्या हातोडीने टकटक करत गेलं की चांगला पत्रा ठणठणतो, झिजलेला बद्द वाजतो. मीही ठोकतो, पण आत गाळ बसला असला तरी आवाज बद्दच येतो. त्यामुळे यावर सौदा मोडता येतो, करता येत नाही.

पायरी 3 : पत्र्याची जाडी

इथे दोन पैसे खर्च करा. भोसरीसारख्या कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास एनडीटी करणारे असतात, म्हणजे धातू न तोडता तपासणारे. त्यांच्याकडे अल्ट्रासॉनिक जाडीमापक असतो. सोनोग्राफीसारखीच जेली लावून छोटं बटण पत्र्यावर टेकवायचं, की आकडा येतो. एकाच बाजूने मोजता येतं, टाकी कापावी लागत नाही.

तपासणाऱ्याला ‘चारपाच ठिकाणी बघा’ असं सांगू नका, तो सोयीच्या जागा बघेल. स्वतः खडूने रेघ मारा : तळाच्या मध्यातून टोकापासून टोकापर्यंत, दर पाच सेंटिमीटरला एक टिंब, मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांवर तशाच रेघा. ड्रेनभोवती आणि पायांजवळ टिंबं आणखी दाट. वरच्या भागावरही चार आकडे घ्या, त्यावरून मूळ जाडीचा अंदाज येतो. रंग खरवडून मोजा, नाहीतर साध्या मापकात रंगाची जाडीही धरली जाते. माझ्या दुसऱ्या सौद्यातल्या टाकीचे आकडे वहीत आहेत : वर 3.1, 3.0, 3.1, तळाला 2.8, 2.7, 2.7, 2.4, ड्रेनच्या डाव्या अंगाला 1.4. त्या एका 1.4 साठी मी ती टाकी सोडली.

विकणारा म्हणाला, अहो निम्मं तर आहे! त्याचं म्हणणं गणितात बसतंही. 400 मिलिमीटर व्यासाच्या टाकीत आठ किलोला 3 मिलिमीटरच्या पत्र्यावर गोलाईच्या दिशेने साधारण 53 मेगापास्कल ताण येतो, पत्रा 1.5 झाला तर 107. साधं लोखंड 250 च्या आसपास कायमचं ताणलं जायला लागतं. मग भीती कसली? भीती ही, की हे गणित गुळगुळीत पत्र्याचं आहे. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, वेल्डिंगचा जोड पत्र्याइतका भरवशाचा नसतो, आणि टाकी दिवसातून कित्येकदा फुगते-आकसते. शिवाय मापकाचं बटण बोटाच्या पेराएवढं. दोन टिंबांच्या मधला खड्डा त्याला दिसतच नाही. जिथे 1.4 सापडला तिथे शेजारी 0.9 असू शकतो. मी स्वतःपुरता नियम केलाय : मूळ जाडीचा पाव हिस्सा कुठेही गेला असेल तर टाकी नको. पंप आणि मोटर चांगली असेल तर तेवढीच भाव करून घ्यावी. नुसत्या नव्या टाक्या वेगळ्या विकत मिळतात.

पायरी 4 : साफसफाई

जाडीत पास झालेलीच टाकी साफ करा. पाण्याची टेस्ट साफसफाईनंतर, कारण कधीकधी भोक बुजवून ठेवलेलं असतं ते गंजानेच, आणि तो निघाल्यावर खरी गोष्ट समोर येते.

हेड, मोटर, प्रेशर स्विच, गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह, एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) सगळं उतरवा. कुठला नट कुठला, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग दोनेक मीटर लोखंडी साखळी आत सोडा. साखळीच्या टोकाला तार बांधून तिचं दुसरं टोक बाहेर ठेवा, बाहेर काढताना माझे आभार मानाल. काहीजण खडी किंवा नट-बोल्ट टाकतात. मीही टाकले होते, आणि एक नट अजून कुठेतरी आत आहे असा मला संशय आहे. चार-पाच लिटर पाणी, मूठभर कपडे धुण्याची पावडर, आणि जुन्या टायरवर टाकी ठेवून अर्धा तास गडगडवायची. शेजारी चौकशीला येतील. लाल पाणी ओतून द्या, आणि पाणी फिकं येईपर्यंत हे पुन्हा करा.

उरलेल्या गंजाला सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूफूल. लिटरला 50 ग्रॅम, कोमट पाण्यात. आडव्या टाकीत गंज तळाला असल्यामुळे एक तृतीयांश भरली तरी पुरते. दीडशे लिटरच्या टाकीला 50 लिटर पाणी आणि अडीच किलो लिंबूफूल. रात्रभर ठेवा. वरचं एक भोक उघडंच हवं, कारण ॲसिड लोखंडावर चाललं की हायड्रोजन सुटतो. टाकी उघड्यावर ठेवा आणि जवळ बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग काही नको. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा.

संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं आणि सांदीकोपऱ्यात राहून नंतर दुप्पट वेगाने गंज आणतं. सोडा घालून बॅटरीवर गंज काढायची पद्धत उघड्या टबातल्या सुट्या भागांना उत्तम आहे, पण बंद टाकीत हायड्रोजन कोंडतो, तेव्हा तीही नको. आणि पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने टाकी विसळून वाळवायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे परत सल्ला मागायला जाऊ नका. त्याची वाफ आत राहते आणि गरम दाबलेली हवा तिच्यात शिरते.

सकाळी ॲसिड बादलीत काढा, त्यात खायचा सोडा थोडा थोडा टाकत फेस थांबेपर्यंत ढवळा आणि मगच भरपूर पाण्याबरोबर सोडून द्या. झाडांच्या मुळाशी नको. टाकीही सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. आता पुन्हा कॅमेरा. आत करडं, मॅट लोखंड दिसायला हवं. नवीन खड्डे दिसले तर परत पायरी तीन.

आतून रंग किंवा पेट्रोलच्या टाकीला लावतात तो इपॉक्सी लावावा का, असं सगळेच विचारतात. मी लावत नाही. एवढ्याशा भोकातून आतला पत्रा नीट घासता येत नाही, ओलसर गंजावर बसलेला थर पुढेमागे सुटतो, त्याचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात, आणि थराखाली काय चाललंय ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

पायरी 5 : पाण्याने टेस्ट

टेस्ट हवेने कधीच करायची नाही. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. पाण्याने भरलेली टाकी फाटली तर धार येते, हवेची फाटली तर पत्रा उडतो.

प्लंबर पाइपलाइन तपासायला हाताचा टेस्ट पंप वापरतात तो भाड्याने मिळतो. टाकी जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. दीडशे लिटर पाण्याचं वजन चाकांना झेपत नाही. सगळी भोकं प्लगने बंद, सगळ्यात उंच भोक उघडं. तिथून पाणी ओसंडेपर्यंत भरा, टाकी हलवून बुडबुडे काढा, मग ते भोक बंद करा. आत हवा राहिली तर पाण्याने टेस्ट करण्याचा अर्थच जातो. टाकीच्या मध्यावर कापडी टेपने घेर मोजून लिहून ठेवा. टाकी बाहेरून पुसून कोरडी करा, शिवणींवर खडू फासा. ओल आली की खडू लगेच काळा पडतो.

पाटीवर टेस्टचा दाब असेल तर तोच. नसेल तर कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे आठ किलोच्या टाकीला बारा. दोन-दोन किलोने चढवा. बारावर अर्धा तास थांबा. काटा खाली आला, कुठे घाम फुटला, किंवा दाब सोडल्यावरही घेर वाढलेलाच राहिला, तर टाकी बाद. पंपाचा स्वतःचा सांधा गळत नाही ना, एवढं मात्र आधी बघा; मी एकदा चांगली टाकी नापास करत होतो.

हे घरच्या वापरापुरतं. टाकी कारखान्यात लावणार असाल तर गोष्ट वेगळी. 1948 च्या कारखाना अधिनियमात दाबाखालच्या यंत्रांसाठी स्वतंत्र कलम होतं, 31 वं, आणि कारखान्यातल्या अशा टाक्या मान्यताप्राप्त तपासनिसाकडून ठरावीक मुदतीने तपासून घेण्याची रीत तेव्हापासूनची आहे. तिथे माझ्या खडूला किंमत नाही.

पायरी 6 : वाळवणं आणि पहिली सुरुवात

पाणी काढल्याबरोबर वाळवायला घ्या. उघडं लोखंड तासाभरात नारिंगी पडायला लागतं. ड्रेन खाली करून टाकी तिरपी ठेवा आणि एका भोकातून हॉट एअर गन किंवा केस वाळवायच्या ड्रायरची हवा सोडा, दुसऱ्या भोकातून येणारी हवा कोरडी लागेपर्यंत. हलकी नारिंगी छटा आली तरी चालेल, त्याने काही बिघडत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन घ्या, जुना कितीही चांगला दिसला तरी. त्याच्या जागी डमी प्लग मारलेलं मशीन मी दोनदा बघितलंय. जुना ड्रेन कॉकही फेका. टाकीचा गंज निम्म्याहून अधिक या कॉकच्या पायी येतो, असं माझं मत आहे : तो टाकीच्या पोटाखाली असतो, हात पोचत नाही, बोटं काळी होतात, म्हणून कोणी उघडत नाही. तिथे एल्बो, वीतभर पाइप आणि टोकाला बॉल व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे वाकल्याशिवाय पायानेही उघडेल. टाकीच्या दुसऱ्या टोकाच्या पायांखाली अर्ध्या इंचाची फळी सरकवली की सगळं पाणी ड्रेनकडेच येतं.

पहिल्यांदा दोन किलोपर्यंत भरून बंद करा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा. मग चार, सहा, आठ, प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबून आणि स्वतः लांब उभं राहून. शेवटी प्रेशर स्विचवरचा, मशीन बंद होण्याचा दाब खाली आणा. कारच्या चाकाला अडीच किलोच्या आत लागतं, स्प्रे गनला दोन-तीन. माझं मशीन आठाचं आहे आणि सहालाच बंद होतं.

रोज संध्याकाळी किलोभर हवा शिल्लक असताना ड्रेन उघडायचा आणि रात्रभर उघडाच ठेवायचा. महिन्यातून एकदा ते पाणी बाटलीत धरून उजेडात बघा. वर्षातून एकदा कॅमेरा.

टाकी बाद झाली तर

भोकाला वेल्डिंगचा टिपका मारून देणारा मिस्त्री कोपऱ्यावरच असतो, आणि त्याचा हात चांगलाही असेल. पण जिथे भोक पडलं तिथला आजूबाजूचा पत्राही कागद झालेला असतो. टिपका त्या कागदावर बसतो, आणि पुढची फाट टिपक्याच्या कडेने जाते. एम-सील, ब्रेझिंग, रबर लावून पट्टी आवळणं, सगळं त्याच जातीचं.

बाद टाकी तशीच भंगारात देऊ नका. भंगारवाला तिला निळा रंग मारणाऱ्याला विकेल. सगळे प्लग काढून, आत दाब नाही याची खात्री करून, ड्रिलने चार-पाच ठिकाणी 12 मिलिमीटरची भोकं पाडा, निदान एक वरच्या चांगल्या पत्र्याला. गॅस कटर नको, आत तेल असतं. मी माझ्या टाकीला सात भोकं पाडली. भंगारवाला जरा हिरमुसला, पण काट्यावर वजन तेवढंच भरलं आणि भाव त्याने लोखंडाचाच दिला.